जठराचा सुरुवातीचा कर्करोग शस्त्रक्रियेने काढल्यानंतर हाडांत कसा पोहोचतो?

चरईकर

नमस्कार. माझ्या थोरल्या बहिणीच्या आजाराविषयी हा धागा काढत आहे. उपचारांचा सल्ला आम्ही डॉक्टरांकडूनच घेत आहोत. मला येथे समजून घ्यायचे आहे ते असे का झाले असावे आणि पुढच्या भेटीत डॉक्टरांना नेमके काय विचारावे, एवढेच.

ताई अठ्ठावन्न वर्षांची आहे. काही वर्षांपूर्वी सततची आम्लपित्ताची तक्रार आणि घसरलेले हिमोग्लोबिन यांमुळे ठाण्यातच तिची दुर्बिणीतून तपासणी झाली. जठराच्या खालच्या भागात एक चपटा, किंचित खोलगट व्रण दिसला आणि तुकडा तपासल्यावर तो कर्करोग निघाला. शस्त्रक्रियेत जठराचा बराचसा भाग आणि भोवतालच्या लसिका ग्रंथी काढल्या. अंतिम अहवालात "अर्ली गॅस्ट्रिक कार्सिनोमा, सिग्नेट रिंग सेल प्रकार, सबम्यूकोसापर्यंत" असे लिहिले होते, म्हणजे जठराचा सुरुवातीचा कर्करोग, अंगठीसारख्या दिसणाऱ्या पेशींचा. काढलेल्या ग्रंथींपैकी एकीत पेशी सापडल्या होत्या, मात्र कापलेल्या कडा स्वच्छ होत्या. त्या वेळी केमो न देता नियमित तपासण्या करीत राहण्याचे ठरले. सगळ्यांनी, अगदी डॉक्टरांनीही, "वेळेत सापडला" असेच सांगितले होते.

गेल्या काही महिन्यांपासून तिची कंबर दुखते. सुरुवातीला घरकामामुळे दुखत असेल असे वाटले. अस्थिरोगतज्ज्ञांनी एक्स-रे काढला, तो वयाला साजेसा निघाला, आणि व्यायाम व शेक सुरू झाला. दुखणे मात्र रात्री वाढते, आडवे पडून कमी होत नाही आणि आता बरगड्यांतही जाणवते. पोटाचा सीटी स्कॅन स्वच्छ आहे, यकृतात काही नाही, सीईए ही कर्करोगाची रक्तातली खूणही मर्यादेत आहे. केवळ अल्कलाइन फॉस्फेटेज हे हाडांतूनही रक्तात येणारे द्रव्य बरेच वाढलेले आहे. त्यावरून कर्करोगतज्ज्ञांनी हाडांत पसरल्याची शंका व्यक्त करून मणक्याचा एमआरआय सांगितला आहे.

जठरात पुन्हा काही नाही, यकृतात नाही, मग एकदम हाडांत कसे? आणि "सुरुवातीचा" या शब्दाचा अर्थ आम्ही काय समजत होतो?

उपवन_कट्टा

वाचून फार वाईट वाटले. आमच्या नात्यात अशा गाठींना "हात लावू नये, चाकू लागला की पसरते" असे म्हणणारे पुष्कळ आहेत आणि अशी उदाहरणे घडली की त्यांना बळ येते. जाणकारांनी त्याबद्दलही लिहावे.

पारसिकवासी

मी पॅथॉलॉजिस्ट म्हणून अनेक वर्षे काम करून निवृत्त झालो आहे. रुग्ण न पाहता निदानाबद्दल बोलणार नाही. आजाराची रीत मात्र सांगू शकतो.

"अर्ली" ही संज्ञा जपानमध्ये १९६२ साली निश्चित झाली आणि ती केवळ खोलीची आहे. जठराच्या भिंतीचे आतून बाहेर असे थर असतात : म्यूकोसा म्हणजे अस्तर, त्याखालचा सबम्यूकोसा, मग स्नायूंचा थर आणि सर्वांत बाहेरचे पातळ आवरण. कर्करोग पहिल्या दोन थरांपुरता मर्यादित असेल तर त्याला "अर्ली" म्हणायचे, *मग ग्रंथींत पेशी गेलेल्या असोत वा नसोत*. व्याख्येतले हे शेवटचे वाक्य बहुतेक रुग्णांपर्यंत पोहोचतच नाही. आजार केवळ म्यूकोसात असेल तर ग्रंथींत पेशी सापडण्याचे प्रमाण शेकडा दोन-तीन असते. सबम्यूकोसात उतरला की तेच शेकडा वीसच्या आसपास जाते, कारण लसिकावाहिन्यांचे आणि बारीक शिरांचे दाट जाळे त्या थरात आहे. त्यामुळे "अर्ली" या एकाच शिक्क्याखाली दोन बऱ्याच वेगळ्या जोखमीचे रुग्ण येतात. शस्त्रक्रियेनंतर पाच वर्षे जगणाऱ्यांचे प्रमाण या गटात नव्वद टक्क्यांच्या वर आहे हे खरे, परंतु अहवाल हातात घेऊन मी पहिल्यांदा ग्रंथींची ओळ पाहतो आणि खोलीची ओळ नंतर वाचतो.

आता हाडांविषयी. जठराचे रक्त यकृताकडे जाते, म्हणून रक्तावाटे पसरणाऱ्या पेशी बहुधा तेथे अडकतात. काही पेशी यकृत आणि फुप्फुस ओलांडून पुढे निघून जातात. लसिकावाहिन्यांतून निघालेल्या पेशी छातीतल्या मोठ्या लसिकानलिकेतून थेट रक्तात मिसळू शकतात. शिवाय मणक्यांभोवती शिरांचे एक जाळे आहे, ज्याचे महत्त्व बॅटसन यांनी १९४० साली दाखवून दिले. त्या शिरांना झडपा नसल्यामुळे खोकताना किंवा जोर करताना पोटातला दाब वाढला की रक्त उलट्या दिशेने मणक्यांकडे ढकलले जाऊ शकते. मणके, कटीची हाडे, बरगड्या आणि मांडीच्या हाडाचा वरचा भाग यांत प्रौढ वयातही लाल मज्जा असते. तेथे रक्तप्रवाह संथ आणि भरपूर असतो, त्यामुळे पेशींना टिकाव धरता येतो. स्टीफन पॅजेट यांनी १८८९ साली स्तनाच्या कर्करोगाच्या शवविच्छेदनांवरून "बी आणि जमीन" असे जे मांडले, त्याला आजही तोड नाही : पेशी सगळीकडे जातात, पण रुजतात ठरावीक ठिकाणीच.

जठराचा कर्करोग हाडांत गेल्याचे जिवंतपणी निदान होणारे रुग्ण फार थोडे, शेकडा एक-दोन; शवविच्छेदनांत हे प्रमाण त्याच्या कितीतरी पट आढळते. "अर्ली" गटात तर ते आणखीच विरळ आहे. जे रुग्ण नोंदवले गेले आहेत त्यांच्यात मात्र काही गोष्टी वारंवार दिसतात : चपटा किंवा खोलगट व्रण, अल्पविकसित किंवा सिग्नेट रिंग पेशी, आणि ग्रंथींत आजार. शस्त्रक्रियेनंतर पाच, कधी दहा वर्षांनीही हाडांत आजार प्रकट झाल्याच्या नोंदी आहेत. तुमच्या बहिणीच्या जुन्या अहवालात या तिन्ही गोष्टी आहेत, म्हणून तज्ज्ञांनी केवळ एका वाढलेल्या आकड्यावरून शंका घेतली ती योग्यच आहे.

उपवन_कट्टा, चाकूने पसरण्याबद्दल. हाडात आज दिसणाऱ्या पेशी बहुधा गाठ शरीरात असतानाच, म्हणजे शस्त्रक्रियेच्या आधीच, मज्जेत जाऊन निपचित पडलेल्या असतात. शस्त्रक्रिया त्यांना गाठू शकत नाही, कारण त्या तेव्हा कोणत्याही स्कॅनमध्ये दिसण्याइतक्या नसतात. गाठ तशीच ठेवली असती तर अशा पेशींचा पुरवठा रोज चालू राहिला असता. नव्वद टक्क्यांहून अधिक लोक याच शस्त्रक्रियेमुळे बरे होतात, ही गोष्ट सांगणारे नातेवाईक मला अजून भेटायचे आहेत.

केमो न दिल्याची चुटपुट चरईकरांच्या मनात असेल तर एवढे सांगतो. जपानमध्ये एस-वन या केमोच्या गोळीचा जो मोठा अभ्यास २००७ साली प्रसिद्ध झाला, त्यात सबम्यूकोसापर्यंतच्या रुग्णांना ग्रंथींत पेशी असूनही मुळात घेतलेच नव्हते. काही देशांत एका ग्रंथीसाठीही केमो देतात. म्हणजे निरीक्षणाचा निर्णय रीतीला सोडून नव्हता.

ऐरोलीकर

मी दुसरी बाजू मांडतो, कारण आमच्याकडे हाच प्रसंग आला आणि शेवट वेगळा झाला.

माझ्या वडिलांचे संपूर्ण जठर काढलेले आहे. काही वर्षांनी त्यांनाही पाठदुखी, बरगड्यांत कळ, चालताना डुलत चालणे आणि वाढलेले अल्कलाइन फॉस्फेटेज, सगळे असेच. बोन स्कॅनमध्ये दोन्ही बाजूंच्या बरगड्यांवर ओळीने काळे ठिपके दिसले आणि अहवालात "पसरलेल्या आजाराची शक्यता" असे लिहून आले. घरात तीन दिवस चूल पेटली नाही म्हणायला हरकत नाही. सुदैवाने कर्करोगतज्ज्ञांनी केमोची घाई केली नाही. त्यांनी व्हिटॅमिन डी, कॅल्शियम, फॉस्फरस आणि पॅराथायरॉइड हार्मोन तपासायला सांगितले. व्हिटॅमिन डी जवळजवळ नव्हतेच. तो हाडे मऊ पडण्याचा आजार निघाला, ज्याला ऑस्टिओमलेशिया म्हणतात, आणि बरगड्यांवरचे ठिपके म्हणजे बारीक तडे होते. औषधाने वडील हळूहळू सावरले.

जठर काढल्यावर अन्नाचा मार्ग बदलतो. पुष्कळदा लहान आतड्याचा पहिला भाग, जेथे कॅल्शियम मोठ्या प्रमाणात शोषले जाते, तो वगळला जातो. स्निग्ध पदार्थ नीट पचत नाहीत, म्हणून त्यात विरघळणारे व्हिटॅमिन डीही कमी पडते. दूध पचेनासे झाल्याने लोक ते सोडतात. आम्हाला साध्या कॅल्शियम कार्बोनेटऐवजी सायट्रेटची गोळी दिली, कारण कार्बोनेट विरघळायला आम्ल लागते आणि ते आता उरलेले नसते. बी-१२ ची इंजेक्शनेही चालू आहेत. तीही चुकवू नयेत, कारण त्याच्या कमतरतेमुळे पायांत मुंग्या आणि बधिरपणा येतो आणि मग मणक्याचाच त्रास असेल असे वाटू लागते.

माझे म्हणणे एवढेच की स्कॅनच्या अहवालातल्या "शक्यता" या शब्दावर निदान पक्के धरू नका.

पारसिकवासी

ऐरोलीकरांनी अतिशय मोलाचे लिहिले आहे. यात आपल्याकडची आणखी एक शक्यता जोडतो : मणक्याचा क्षयरोग. रात्रीचा ताप, घटणारे वजन आणि एमआरआयमध्ये दोन शेजारच्या मणक्यांसह मधली चकतीही खराब झालेली दिसली तर क्षयाचा विचार आधी येतो. कर्करोग सहसा चकती सोडून मणक्याच्या हाडात बसतो. नियम पक्का नाही, पण उपयोगी आहे.

अल्कलाइन फॉस्फेटेज यकृतातूनही वाढते. त्यासोबत जीजीटी ही तपासणी सामान्य असेल तर वाढ हाडांतून आहे असे समजावे. परंतु ती वाढ कर्करोगामुळे आहे की हाडे मऊ पडल्यामुळे, हे त्यावरून कळत नाही. एक्स-रे स्वच्छ असण्यालाही फारसा अर्थ नाही. हाडातले तीस ते पन्नास टक्के क्षार जाईपर्यंत साध्या एक्स-रेत छिद्र दिसत नाही. सीईए सामान्य असणेही या प्रकारच्या पेशींत नवल नाही.

एक सूचना : हिमोग्राम आणि रक्ताची स्लाइड जरूर पाहायला सांगा. मज्जेत पेशी दाटल्या की अपरिपक्व पांढऱ्या पेशी आणि केंद्रक असलेल्या लाल पेशी रक्तात ढकलल्या जातात. यंत्राने दिलेल्या आकड्यांत हे निसटू शकते, स्लाइडवर डोळ्यांना दिसते. प्लेटलेट झपाट्याने उतरत असतील, हिरड्यांतून रक्त येत असेल किंवा अंगावर निळे डाग उमटत असतील तर पुढच्या भेटीची वाट पाहू नये. जपानी डॉक्टरांनी १९७९ साली मज्जेत सर्वत्र पसरणाऱ्या आजाराचे जे स्वरूप वर्णन केले, त्यात रक्त गोठण्याची यंत्रणाच कोलमडते आणि तेथे दिवसांना महत्त्व असते.

घोडबंदर_रोड

मग शस्त्रक्रियेनंतर दर सहा महिन्यांनी सगळ्यांचा पेट स्कॅन का करीत नाहीत? एवढा खर्च झालाच आहे तर हाही करावा, असे सामान्य माणसाला वाटणारच.

पारसिकवासी

दोन कारणे आहेत. हाडांत जाणारे रुग्ण इतके थोडे असतात की शंभरांचा स्कॅन केला तर कामाचे फारसे काही हाती लागणार नाही, आणि ऐरोलीकरांच्या वडिलांसारखे खोटे इशारे मात्र अनेक मिळतील. दुसरे म्हणजे पेट स्कॅन पेशींनी खेचलेली साखर दाखवतो आणि सिग्नेट रिंग पेशी साखर कमी खेचतात, त्यामुळे पेट स्कॅनमध्ये त्या मंद दिसतात किंवा दिसतही नाहीत. पेट स्वच्छ आला म्हणून दुखणाऱ्या मणक्याचा एमआरआय टाळणे हा मला सर्वांत मोठा धोका वाटतो. लक्षण आले की त्या लक्षणाचा पुरता छडा लावणे, हे वेळापत्रकाने केलेल्या स्कॅनपेक्षा जास्त उपयोगाचे आहे.

चरईकर

सर्वांचे आभार. एमआरआय झाला. कमरेचे दोन आणि पाठीचा एक मणका, शिवाय कटीच्या हाडात बदल आहेत, चकत्या ठीक आहेत, मज्जारज्जूवर दाब नाही. जीजीटी सामान्य आहे. व्हिटॅमिन डीसुद्धा बरेच कमी निघाले, त्यामुळे ऐरोलीकरांचा प्रतिसाद मी डॉक्टरांना वाचून दाखवला. त्यांनी दोन्ही गोष्टी एकत्र असू शकतात असे सांगून कटीच्या हाडातून तुकडा काढायचे ठरवले आहे. ताई विचारते की आधीच एवढे दिसत असताना सुई कशासाठी.

पारसिकवासी

सुई दोन कामांसाठी. एक, निदान पक्के होण्यासाठी. दुसरे, उपचार ठरवण्यासाठी : हर-टू, पीडी-एल-वन आणि एमएसआय या कर्करोगाच्या पेशींवरच्या खुणांच्या (मार्करच्या) चाचण्यांवर पुढची औषधे अवलंबून असतात. हर-टू जास्त असेल तर केमोसोबत ट्रास्टुझुमॅब हे त्यावर नेम धरणारे औषध देता येते, हे २०१० सालच्या अभ्यासाने दाखवले. पीडी-एल-वन जास्त असणाऱ्यांसाठी २०२१ पासून निवोलुमॅब या प्रतिकारशक्ती जागवणाऱ्या औषधाचा पर्याय आला. सिग्नेट रिंग प्रकारात हर-टू बहुधा नसते, तरी तपासल्याशिवाय सोडू नये.

आता एक बारीक गोष्ट, जी माझ्या धंद्यातली असल्यामुळे लांबण लावून सांगतो. हाड कापण्याजोगे मऊ करण्यासाठी प्रयोगशाळेत ते आधी आम्लात ठेवतात. तीव्र आम्लात क्षार लवकर निघतात, पण त्याबरोबर पेशींतील डीएनए आणि काही प्रथिनेही खराब होतात, आणि मग हर-टूचे उत्तर खोटे "निगेटिव्ह" येऊ शकते. ईडीटीए नावाचे द्रावण सौम्य आहे, मात्र त्याला अधिक दिवस लागतात. म्हणून तुकडा देतानाच मागणीपत्रावर "पुढील मार्कर तपासण्या अपेक्षित" असे लिहून घ्यावे, आणि सुईत हाडासोबत आलेला मऊ भाग किंवा मज्जेची गुठळी आम्लात न घालता वेगळी ठेवण्याची विनंती करावी. तेवढ्या चिमूटभर ऊतीवर अनेकदा सगळे काम भागते.

तेही जमले नाही तर जुन्या शस्त्रक्रियेचे मेणाचे ठोकळे आहेतच. ते लहान प्लास्टिकच्या चौकटीत असतात, कडेला पॅथॉलॉजी क्रमांक असतो आणि मेणात करड्या रंगाचा ऊतीचा तुकडा दिसतो. मूळ रुग्णालयात लेखी अर्ज करून ते मिळतात. स्लाइड आणि ठोकळे दोन्ही मागा, आणि प्राथमिक गाठीचा तसेच ग्रंथीचा, असे दोन्ही ठोकळे मागा. उन्हात मेण वितळते, तेव्हा गाडीच्या डॅशबोर्डवर ठेवू नका.

सीवूड्सकर

मी वेदनाशमन विभागात परिचारिका म्हणून काम केले आहे. निदान पक्के झाले तर घरच्यांना उपयोगी पडेल तेवढे लिहिते.

सर्वप्रथम, धोक्याच्या खुणा घरातल्या प्रत्येकाला माहीत हव्यात. पायांतली शक्ती कमी होणे, जिना चढताना पाय न उचलणे, मांड्यांच्या आतल्या बाजूला किंवा बसायच्या जागी बधिरपणा, लघवी अडणे : यांपैकी काहीही दिसले तर त्याच दिवशी मोठ्या रुग्णालयात न्यावे. मज्जारज्जूवर दाब आला असेल तर सूज उतरवणारे डेक्सामेथासोन, तातडीचा एमआरआय आणि किरणोपचार किंवा शस्त्रक्रिया हे काही तासांत ठरवावे लागते. रुग्ण चालत असताना उपचार सुरू झाले तर चालणे टिकण्याची आशा असते. पाय गेल्यावर ते परत येणे कठीण.

दुखऱ्या मणक्याला एकदाच आठ ग्रे मात्रेचा किरणोपचार देऊन वेदना कमी करता येतात, आणि दहा दिवस रोज दिलेल्या उपचाराइतकाच तो वेदनेवर परिणामकारक असतो, एवढेच की पुन्हा द्यावा लागण्याची शक्यता थोडी जास्त. ठाण्याहून टाटाच्या खारघर किंवा परळच्या रुग्णालयात रोज ने-आण करणे ज्यांना झेपत नाही त्यांनी "लाईट (किरणोपचार) एकदाच देऊन भागेल का" असे स्पष्ट विचारावे. पहिल्या एक-दोन दिवसांत दुखणे उलट वाढू शकते, त्याला घाबरू नये. पूर्ण आराम वाटायला काही आठवडेही लागतात. आणि कृपया मणका कमकुवत असलेल्या माणसाला पावसाळ्यातल्या खड्ड्यांतून रिक्षाने नेऊ नका. ट्रान्सहार्बरची पनवेल गाडी गर्दी नसताना पकडावी, किंवा मागच्या सीटवर पाठीला उशी लावून मोटारीने न्यावे.

मॉर्फिनच्या गोळीला लोक घाबरतात. २०१४ साली कायद्यात बदल झाल्यापासून मान्यताप्राप्त संस्थांना ती ठेवणे सोपे झाले आहे. ठरल्या वेळेला, ठरल्या मात्रेत घेतली तर हाडांच्या दुखण्यात तिच्याइतके विश्वासाचे औषध नाही. सोबत शौचाला साफ होण्याचे औषध पहिल्या दिवसापासून हवेच. दुखण्याची गोळी म्हणून डायक्लोफिनॅक वगैरे मनाने देऊ नका. उरलेल्या जठराला आणि मूत्रपिंडांना ते मानवेलच असे नाही.

खर्चासाठी महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत बसते का ते रुग्णालयातल्या आरोग्यमित्राला उपचार सुरू होण्याआधी विचारा. मंजुरी आधी लागते, बिल झाल्यावर नव्हे.

चरईकर

तुकड्याचा अहवाल आला. जठराच्याच पेशी आहेत, सिग्नेट रिंग. मऊ भाग वेगळा ठेवला होता आणि त्यावरच हर-टू झाले, ते नाही. बाकीच्या दोन चाचण्या जुन्या ठोकळ्यावर करण्याचे ठरले असून ठोकळे मिळाले आहेत. मूळ रुग्णालयाने ते शोधायला बराच वेळ लावला, पण मिळाले. प्लेटलेट ठीक आहेत.

डॉक्टरांनी मला बाजूला घेऊन आयुष्य महिन्यांत मोजावे लागेल, काहींचे अधिक निघते, असे सांगितले. ताईने स्वतःच विचारल्यावर तिलाही तेच सांगितले. माझी अपेक्षा होती की ती खचेल. तिने आधी विचारले की कंबर कधी थांबेल, आणि मग, भाचीच्या लग्नाची तारीख अलीकडे घेता येईल का. दुखणाऱ्या मणक्यांना एकदाच किरणोपचार, त्यानंतर कॅपेसिटाबिन आणि ऑक्झालिप्लॅटिन ही केमो, आणि हाडांसाठी झोलेड्रॉनिक आम्लाचे इंजेक्शन असा बेत आहे. इंजेक्शनबद्दल काही काळजी घ्यायची असल्यास लिहावे.

सीवूड्सकर

इंजेक्शनआधी दोन गोष्टी उरकाव्यात. व्हिटॅमिन डी कमी आहे असे तुम्ही लिहिले आहे. ते भरून काढल्याशिवाय हे औषध दिले तर रक्तातले कॅल्शियम धोकादायक पातळीपर्यंत घसरू शकते, आणि जठर काढलेल्यांत तो धोका इतरांहून अधिक. त्याऐवजी डेनोसुमॅब हे हाडांचे दुसरे इंजेक्शन दिले तरी हेच लागू. प्रत्येक वेळी क्रिएटिनिनही पाहतात, कारण मूत्रपिंडांप्रमाणे मात्रा बदलते. चार मिलिग्रॅमची मात्रा किमान पंधरा मिनिटांत सलाइनमधून सोडतात. पहिल्या वेळी रात्री ताप आणि अंगदुखी येते, पॅरासिटामॉलने उतरते.

दुसरे दात. या औषधांवर असताना दाढ काढली तर जबड्याचे हाड उघडे पडून जखम भरत नाही, असा त्रास काहींना होतो. तेव्हा या आठवड्यातच दंतवैद्याकडे जाऊन किडलेली दाढ काढायची असेल तर काढून घ्या, आणि जखम भरल्याचे त्यांनी लिहून दिल्यावरच पहिले इंजेक्शन घ्या. कवळी असेल तर ती टोचत नाही ना तेही दाखवा. केमो त्यासाठी थांबवायची की नाही, हे मात्र तुमच्या कर्करोगतज्ज्ञांनीच ठरवायचे.